एम-३५ए२ चं इंजिन: एलडीटीच्या जागी एलडीएस?

एकाने विचारलंय की अमेरिकन लष्कराच्या अडीचटनी एम-३५ए२ ट्रकच्या थकलेल्या एलडीटी-४६५ इंजिनाऐवजी पाचटनी ट्रकचं एलडीएस-४६५ इंजिन घालावं का. माझं स्पष्ट मत: नको, एलडीटीच शोधा. दोन्ही ४७८ घनइंची, सहा सिलिंडरची टर्बो इंजिनं. पण एलडीटी सुमारे १४० अश्वशक्तीचं, एलडीएस १७५ च्या पुढे. तुमचा गिअरबॉक्स त्या जादा ताकदीसाठी नाही.

जुनं इंजिन घेताना आधी फ्युएल पंपावरचा डेन्सिटी कॉम्पेन्सेटर बघा. इंधन पातळ असेल तर हाच भाग जास्त इंधन सोडतो. जोडापाशी ओल दिसली की तो गळतोय. बरेच जण तो बायपास करतात. तसं केलंत तर इंधनाचं प्रमाण नव्याने लावा आणि टर्बोच्या आधी पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मापक, बसवा. एक्झॉस्टचं तापमान ६५० अंश सेल्सिअसवर जाऊ देऊ नका, पिस्टन वितळतात.

इंजिन मल्टिफ्युएल, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारं, म्हणून रोज पेट्रोल ओतू नका, ती अडचणीतली सोय आहे. पंपाच्या इंधन ढकलणाऱ्या भागाला वंगण इंधनातूनच मिळतं, पेट्रोलवर तो झिजतो. डिझेलच उत्तम. वापरलेलं तेल घालायचं तर पाणी काढून, गाळूनच. इंधनाचे तिन्ही सुटे फिल्टर जवळ ठेवा. आणि २६०० आरपीएमच्या वर कधीच नाही, उतारावर तर मुळीच नाही. पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.