रस्ता विचारायला आता कोणी फोन करत नाही

वाटसरू:
बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहितोच. माझं वय ४६. घरात, मित्रांत, ऑफिसात सगळीकडे माझी एक ओळख होती, याला रस्ते माहीत असतात. कुठेही नवीन ठिकाणी गेलो की दोन दिवसांत तिथला नकाशा डोक्यात बसायचा, ऊन कुठल्या बाजूने येतंय, चढ कुठे लागतो, पुलानंतरचं वळण कुठलं, मुद्दाम पाठ करावं लागायचं नाही. कोणी चुकलं की मला फोन. "अरे मी इथे उभा आहे, समोर पाण्याची टाकी दिसतेय, आता कुठे वळू?" आणि मी डोळे मिटून त्याच्याबरोबर चालायला लागायचो. आणि ते बोलणं काही रस्त्यावरच संपायचं नाही, पोचलास का म्हणून मी परत फोन करायचो, मग नोकरीचं काय, वडिलांचा गुडघा कसा आहे, असा अर्धा तास सहज जायचा.

मागच्या महिन्यात एका ठिकाणाहून परत येताना फोन बंद पडला. त्या ठिकाणी मी वर्षभरात दहा-बारा वेळा तरी स्वतः गाडी चालवत गेलोय. आणि मला घरी यायचा रस्ता आठवेना. एका चौकात गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो. चारही रस्ते सारखेच दिसत होते. इतक्या वेळा आलो गेलो पण मी तिथे कधी बघितलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं, दोनशे मीटरवर डावीकडे वळा.

घरी आल्यावर आठवायला बसलो, रस्ता विचारायला शेवटचा फोन कोणाचा आला होता. नाही आठवलं. ज्या मित्राला सगळ्यात जास्त वेळा रस्ता सांगितला असेन त्याच्याशी बोलून दीड वर्ष होऊन गेलंय. भांडण नाही, काही नाही. फोन करायला कारणच उरलं नाही.

तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का, की एखादी गोष्ट येईनाशी झाली आणि तिच्याबरोबर माणसंही कमी झाली? आणि परत येते का? रस्ते परत आले तर हवेच आहेत, पण खरं सांगायचं तर "त्याला विचार, त्याला माहीत असतं" यातला 'तो' मला परत हवाय.

कंपास:
परत येण्याबद्दल सांगतो, मी या विषयावरचं बरंच वाचत असतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना लायसन्ससाठी शहराच्या मध्यातले साधारण २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. एलिनॉर मॅग्वायर या मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा ड्रायव्हर लोकांच्या मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि आठवणी सांभाळणारा जो भाग असतो त्याचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. मग प्रश्न आला की ज्यांचा आधीपासूनच मोठा असतो तेच टॅक्सीवाले होतात की काय, म्हणून त्यांनी शिकाऊ लोकांना काही वर्षं फॉलो केलं आणि २०११ मध्ये सांगितलं की जे परीक्षा पास झाले त्यांच्यात वाढ दिसली, जे नापास झाले किंवा सोडून गेले त्यांच्यात नाही. म्हणजे मोठ्या वयातही वापराने फरक पडतो.

तुमच्या चौकाचं उत्तर २०१७ च्या एका प्रयोगात आहे. लोकांना कॉम्प्युटरवर लंडनच्या सोहो भागातून फिरवलं. स्वतः रस्ता शोधताना नवीन गल्लीत शिरलं की हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढायची, आणि जिथे जास्त फाटे तिथे जास्त. सूचना ऐकून चालताना तसं काही झालंच नाही. त्यामुळे तुम्ही रस्ता "विसरलात" असं मला वाटत नाही, तो आत गेलाच नव्हता.

करून बघा: निघायच्या आधी नकाशा पूर्ण बघायचा, उत्तर वर ठेवून, फोन फिरवला की नकाशाही फिरतो ते सेटिंग बंद करायचं. मग फोन खिशात. चुकलात तर चुका, थांबून शोधण्यातच खरं काम होतं. माणसं परत येण्याबद्दल मात्र मला काही सांगता येणार नाही.

जुनी वही:
वाटसरू, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसले होते.

माझे मिस्टर गेले त्याला आता तीन वर्षं होतील. आमच्यात न ठरवता वाटणी झालेली होती. तारखा, वाढदिवस, कोणाचं कोणाशी काय नातं, कोणाशी काय बोलायचं नाही, हे माझ्याकडे. कागदपत्रं, किल्ल्या, कुठला हप्ता कधी, कुठलं बटण कशाचं, हे त्यांच्याकडे. ते गेल्यावर सुरुवातीला सगळे म्हणायचे दुःखामुळे तुझं लक्ष नाही, आणि मलाही वाटायचं मी विसराळू झालेय. मग कुठेतरी वाचलं की डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच याच्यावर लिहिलंय, की बराच काळ बरोबर राहिलेली माणसं आपली स्मरणशक्ती वाटून घेतात, काय लक्षात ठेवायचं ते अर्धं अर्धं, आणि कोणाकडे काय आहे तेवढं दोघांना माहीत असतं. नंतर त्यांनी जोडप्यांवर प्रयोगही केला. अनोळखी जोड्यांपेक्षा खऱ्या जोडप्यांना जास्त आठवायचं, पण बाहेरून कोणी सांगितलं की तू हे लक्षात ठेव आणि तू ते, की जोडपी मागे पडायची, कारण त्यांची स्वतःची वाटणी मोडली जायची. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी विसरत नाहीये, माझी अर्धी आठवण त्यांच्याजवळ होती.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. शेवटची दोन वर्षं आम्ही सगळं फोनमधल्या कॅलेंडरमध्ये टाकायला लागलो होतो. सोय झाली. "अगं, अमक्याचा वाढदिवस कधी असतो गं?" हे दिवसातून चार वेळा ऐकू यायचं ते बंद झालं आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं, एक कटकट गेली असं. आता तेच ऐकावंसं वाटतं.

ते कॅलेंडर अजून चालू आहे. त्यांनी टाकलेल्या तारखा दर वर्षी वाजतात.

उलटीवाट:
सगळ्यांचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडते, कारण ती कोणीतरी मांडायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मी फोन करून रस्ता विचारणाऱ्यांपैकी आहे. मला दिशा कळत नाहीत, लहानपणापासून. ज्या इमारतीत रोज जाते तिच्यातून दुसऱ्या दाराने बाहेर पडले की मला डावं-उजवं समजत नाही. माझा भाऊ रस्ता सांगायचा, प्रत्येक वेळी सांगायचा, पण आधी हसायचा. मग घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचा. मी कित्येक ठिकाणी गेलेच नाही, कारण जायचं म्हणजे कोणालातरी विचारायचं, आणि रात्री अनोळखी रस्त्यावर अनोळखी माणसाला विचारायचं म्हणजे काय हे इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

जीपीएस आधी सामान्य लोकांसाठी मुद्दाम चुकवून दिलेलं असायचं, अमेरिकेने २००० सालच्या मे महिन्यात तो अडथळा काढला आणि शंभरेक मीटरची चूक एकदम खूप कमी झाली. माझ्या आयुष्यात ते आलं नंतर बऱ्याच वर्षांनी, फोनमध्ये. पण आज मी एकटी प्रवास करते. एकटी! माझ्या मते माझी ओळख बदलली ती चांगल्यासाठी बदलली, आधी मी "हिला सोडायला कोणीतरी जा रे" होते.

वाटसरू, तुम्हाला लागेल कदाचित, पण ज्याला विचारतात त्याला ते नातं गोड वाटतं, विचारणाऱ्याला दर वेळी वाटतंच असं नाही. तुम्ही हसत नसाल, तुमच्या लिहिण्यावरून तरी वाटत नाही. पण तुमच्या मित्राला काय वाटायचं ते तुम्ही इथे आम्हाला का विचारताय, त्याला विचारा ना. फोन करायला रस्ताच चुकायला हवा असं थोडंच आहे.

टीस्क्वेअर:
मी १९८९ ला ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन. रेघ चुकली तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची आणि तिथे परत रेघ मारली की शाई पसरायची भीती, म्हणून रेघ मारायच्या आधी दहा वेळा विचार. ऑफिसात ड्रॉइंगवर सही बघायची गरज नसायची, आकडे आणि अक्षरं कशी काढलीत त्यावरून सांगता यायचं हे कोणाचं आहे. माझा ४ उघडा असायचा, शेजारच्या टेबलवरच्याचा मिटलेला. ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा मी सगळ्यात आधी शिकलो, तक्रार काही नव्हती, चुका कमी, काम भराभर. पण सगळ्यांचा ४ एकसारखा झाला. त्या दिवसापासून ड्रॉइंग बघून कोणी म्हणालं नाही की हे तुमचं दिसतंय.

नवीन मुलांना काही येत नाही असं मी म्हणणार नाही, ती पोरं स्क्रीनवर आख्खी इमारत फिरवून आतून बघतात, ते मला आजही नीट जमत नाही. उलटीवाट यांचं पटतं मला. पण वाटसरूंचं दुःखही खरं आहे, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि परत येतं का, तर एक उदाहरण आहे. अमेरिकन नौदलाच्या अकादमीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं शिक्षण बंद केलं होतं, उपग्रह आहेत मग कशाला म्हणून. २०१५ मध्ये ते परत सुरू केलं, कारण उपग्रहाचा सिग्नल कोणी बंद पाडला तर काय. म्हणजे गरज पटली की शिकवणारा शोधून काढतात. मी आता शनिवारी दोन तास हाताने काढतो, कोणासाठी नाही. ४ अजून उघडाच येतो.

वाटसरू:
तीन आठवड्यांनी येतोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. सगळ्यांची उत्तरं दोन-तीनदा वाचली. कंपास, तुम्ही सांगितलं तसं करतोय, दोनदा भलतीकडेच गेलो, एकदा पाऊण तास उशीर झाला, पण तो चौक आता येतो. तिथे एका कोपऱ्यावर मोठं झाड आहे. वर्षभर त्याच्या खालून गेलो आणि मला माहीतच नव्हतं.

जुनी वही, तुमच्या कॅलेंडरबद्दल मी बायकोला वाचून दाखवलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

उलटीवाट, लागलं, पण बरोबर लागलं. मी कधी हसलो नसेन असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. शेवटी मित्राला फोन केला. सात मिनिटं बोललो आणि अवघड गेलं, आधी कसं "आता कुठे दिसतंय तुला" असं काहीतरी हातात असायचं, आता दोघांनाही कळेना पुढे काय बोलायचं. शेवटी तो म्हणाला, काही काम होतं का. मी म्हटलं नाही. ठेवला फोन.

दोन दिवसांनी त्याचा आला. त्याचे वडील, तेच गुडघ्याचे, गेल्या काही महिन्यांपासून संध्याकाळी फिरायला जातात आणि परत येताना घर ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणाले अल्झायमरची सुरुवात आहे, त्यात रस्ते लवकर जातात. याने त्यांच्या खिशात लोकेशन कळवणारं यंत्र ठेवलंय, ते कुठे आहेत ते दिसतं, पण त्यांना समजत नाही आपण कुठे आहोत, ते घाबरतात. दीड वर्षात मला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, तू रस्ता कसा सांगायचास रे, मी सांगतो ते त्यांना कळत नाही.

मी त्याला सांगितलं की मी डावं-उजवं कधी सांगायचोच नाही, आधी विचारायचो समोर काय दिसतंय. मग म्हटलं फोनवर नको, मी येतो. रविवारी संध्याकाळी काकांबरोबर चालायला जातोय, त्यांच्या घरी मी पूर्वी डोळे मिटून जायचो, आता बघू, नकाशा एकदा बघून ठेवलाय.