मदत हवी आहे : २०१५ च्या फातोर्डा फायनलचं पूर्ण रेकॉर्डिंग

नमस्कार मंडळी. २० डिसेंबर २०१५, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. मॅच आमच्याच फातोर्ड्यात, आणि मी मात्र मस्कतला ड्यूटीवर. टीव्ही नव्हता, नेट धड चालत नव्हतं. धाकटा भाऊ स्टेडियममधून मेसेज पाठवत होता, तेवढाच आधार.

पेलिसारीने चेन्नईयिनला आघाडी दिली, चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. मग आपला गोलकीपर कट्टीमणीने चेन्नईयिनच्या मेंडोझाची पेनल्टी अडवली. ८७ व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेचा गोल, २-१! मी तिथेच ओरडलो. त्यानंतर भावाचा एकही मेसेज नाही. वीसेक मिनिटांनी एवढंच आलं, "दादा, गेली मॅच." ९० व्या मिनिटाला स्वयंगोल, तोही कट्टीमणीच्याच नावावर, आणि इंज्युरी टाइममध्ये मेंडोझाने ३-२ केलं.

भाऊ अजूनही त्या शेवटच्या मिनिटांबद्दल बोलत नाही. मीही खोदून विचारत नाही.

हायलाइट्स खूपदा पाहिल्या, पण त्यात सगळं तुकड्या-तुकड्यांत आहे. मला ८७ व्या मिनिटापासून शिट्टीपर्यंतचा खेळ सलग बघायचाय. २-१ झाल्यानंतर प्रशिक्षक झिकोंचा आपला गोव्याचा संघ मागे सरकला, की पुढेच खेळत राहिला? कुणाकडे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली पूर्ण मॅच आहे का? किंवा अधिकृतपणे कुठे बघायला मिळते का? त्या रात्री तिथे असलेल्यांनी आठवेल तसं लिहिलं तरी चालेल. कट्टीमणीला मात्र शिव्या नकोत, त्याच्यामुळेच तर आपण तोवर सामन्यात होतो.