मदत हवी आहे: लहान मुलांसोबत संध्याकाळची रोझरी कशी टिकवता?

तायांनो, मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. रात्री जेवणाआधी आम्ही रोझरीला, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या मरियामातेच्या प्रार्थनेला बसतो. पहिलं दशक (दहा 'नमो मरिये' प्रार्थनांचा एक भाग) छान होतं. दुसऱ्यापासून मुलगा 'नमो मरिये' एका श्वासात उरकायला लागतो, आणि धाकटी माळ मुठीत चुरगाळत माझ्या मांडीवर झोपून जाते. काल तिला उठवायला गेले तर गालावर मण्यांचे ठसे उमटलेले! मन भरून आलं, पण पाचही दशकं रेटायची का, हा प्रश्न सुटेना.

गुरुवारची प्रकाशाची रहस्ये (रोझरी म्हणताना चिंतन करायचे येशूच्या जीवनातले प्रसंग) मात्र मुलाला आवडतात. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडलेली ती. काना गावच्या लग्नातला द्राक्षारस संपला हे येशूला त्याच्या आईनेच सांगितलं, यावर तो दहा प्रश्न विचारतो. मंगळवारी, शुक्रवारी दुःखाची रहस्ये असली की गप्प होतो.

रोज एकच दशक, पण मनापासून, असं कुणी करतं का? पुढे पूर्ण रोझरीकडे मुलं आपणहून वळली का? यंदा मुलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) आहे, म्हणून जास्त काळजी वाटते. रागावून प्रार्थना करून घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. तुमच्या घरी काय केलंत, सांगाल का?