धंदा घड्याळावर चालवायचा की स्वतःच्या ऊर्जेवर?

मारवा
मला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि काम सुरू करणं अवघड जातं ती अवस्था) आणि ऑटिझम (संवाद, बदल आणि आवाज-उजेड वेगळ्या तऱ्हेने जाणवतात ती अवस्था) दोन्ही आहेत. पुस्तकांच्या पानांच्या मांडणीचा व्यवसाय मी एकटीने सुरू केला, आता तिघं मदतीला आहेत. उद्योजकांना मिळणारा ठरावीक सल्ला, म्हणजे पहाटे उठा, दिवसाचा प्रत्येक तास आखून घ्या, सगळ्यात नावडतं काम आधी उरका, हा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदू वेगळ्या पद्धतीने चालणाऱ्या, माणसाच्या मुळावर येतो असं माझं ठाम मत आहे.

एडीएचडीत एखादं काम महत्त्वाचं आहे एवढ्यावर ते सुरू होत नाही. त्यात गोडी, नवेपणा किंवा डोक्यावर आलेली तारीख लागते. नावडतं आधी घेतलं की सकाळ त्याच्यासमोर बसण्यात जाते आणि आवडतं कामही हातून सुटतं. ऑटिझमची बाजू निराळी. तिथे कामापेक्षा एका कामातून दुसऱ्यात जाणं थकवतं. व्हिडिओ कॉलवर चेहरा, नजर, आवाजाची पट्टी सांभाळत बोलले की कॉल संपल्यावरही तास-दोन तास मांडणीतलं काही सुचत नाही.

म्हणून कॉल ठरलेल्या दोन दिवशीच, बाकी सगळं लेखी. दमल्याचं शरीर मला वेळेवर कळवत नाही, त्यामुळे मी खुणांवर विसंबते: तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते, एरवी जाणवतही नाही असा पंख्याचा आवाज टोचायला लागतो. मग मी उठते, काम अर्धं असलं तरी.

हिशेबी
असहमत. ग्राहकाला तुमची ऊर्जा दिसत नाही, तारीख दिसते. आणि डोक्यावर तारीख आली की काम होतं हे तुम्हीच लिहिलंय. मग बाहेरची शिस्त सैल करून हाती काय राहणार?

माझ्या धाकट्या भावाला एडीएचडी आहे. हाताखाली कारागीर आहेत, कामाला नाव आहे. माल पोचतो, ग्राहक खूश होतो आणि बिल जात नाही. बिल तयार असतं, ईमेलला जोडून पाठवायचं तेवढं बाकी असतं. ते तसंच पडून राहतं आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात. त्याला मोकळीक नको, पाठीशी कुणीतरी हवंय.

मारवा
हिशेबी, बिलाचं उदाहरण अगदी बरोबर आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. माल गेला की त्या कामातली उत्सुकता संपते, आणि बिल नेमकं त्यानंतर येतं. ते आधीच्या टप्प्याला जोडावं: अंतिम फाइल आणि बिल एकाच ईमेलमध्ये. उरलेली कागदपत्रं मी कुणाच्या तरी सोबतीने करते. ती व्यक्ती मदत करत नाही, नुसती समोर आपलं काम करत बसते. याला बॉडी डबलिंग म्हणतात.

काठावर
मला फक्त ऑटिझम आहे, म्हणून थोडं वेगळं लिहितो. डीएसएम या मानसिक निदानांच्या अमेरिकी पुस्तिकेच्या जुन्या नियमांत ऑटिझम असलेल्याला एडीएचडीचं निदान देताच येत नव्हतं, ती अट 2013 साली डीएसएम-5 मध्ये गेली. त्यामुळे दोन्ही असलेल्यांसाठीचे सल्ले अजून कोवळे आहेत, आणि ते आम्हा सगळ्यांना सरसकट लावू नयेत. मला नवेपणा नको, तोच क्रम हवा. घड्याळ माझा शत्रू नाही, अचानक आलेला फोन आहे.

आणि ऑटिझममधल्या बर्नआउटला कुणी साधा थकवा समजू नये. संशोधक डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी 2020 साली ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून त्याचं वर्णन मांडलं: साधारण तीन महिने वा अधिक टिकणारा थकवा, येत असलेल्या गोष्टी न जमणं, आवाज-उजेड सहन न होणं. मधला भाग धंद्याला बुडवतो. एरवी सहज लिहिलेलं कोटेशन समोर घेऊन बसावं आणि पहिली ओळही सुचू नये. सुट्टीच्या दोन दिवसांत ते भरून येत नाही.

हिशेबी
हे पटलं. पण गाठीशी पैसा नसलेल्याने काय करायचं? कॉल नाकारणं, मुदत वाढवून मागणं हे धंदा जमलेल्यालाच परवडतं. नवखा माणूस असं बोलला तर काम दुसरीकडे जातं.

पडद्यामागे
मी अशाच एका मालकांकडे नोकरी करते. माणूस चांगला आहे, पगार वेळेवर होतो. पण मध्यरात्री एकामागून एक मेसेज येतात, नवी कल्पना, नवा आराखडा. आम्ही जुनं बाजूला ठेवून त्यामागे लागतो. मग काही दिवस ते कुणालाच उत्तर देत नाहीत, आणि ग्राहकांचे फोन आम्ही घेतो. त्यांची ऊर्जा सांभाळली जाते ती आमच्या जिवावर. या चर्चेत आमचा विचार कुणी केलेला नाही.

मारवा
पडद्यामागे, तुमचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लवचीकता मालकाच्या स्वतःच्या कामापुरतीच असावी. सहकाऱ्यांच्या वेळा आणि त्यांना दिलेला शब्द पक्काच हवा. मी रात्री लिहिलेलं सकाळी कामाच्या वेळेत पोचेल असं लावून ठेवते.

हिशेबी, नवख्याने कॉल नाकारू नये, पण कॉलनंतरचा रिकामा वेळ कामाच्या किमतीत धरावा. तो वेळ जाणारच आहे, तर तो सुरुवातीपासून हिशेबात असू दे.

पडद्यामागे
मेसेज सकाळी पोचले तरी ते सगळे एकदमच पोचतात. त्यातलं आजचं कुठलं, पुढच्या महिन्याचं कुठलं आणि नुसता विचार म्हणून लिहिलेलं कुठलं, हे आम्हीच ताडायचं का? तेवढं ठरवून पाठवा. मग मालकांनी रात्री लिहावं की दुपारी, माझी काही हरकत नाही.