22 फुटी होडीची केबिन उन्हाळ्यात थंड कशी ठेवायची?

नेरूळची होडी
नमस्कार. आमची फायबरची जुनी शिडाची होडी बेलापूरच्या खाडीत, दिवाळे कोळीवाड्याजवळ मुरिंगला (पाण्यात कायम बांधून ठेवायच्या जागी) असते. बाबांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतली. आता ते 74 वर्षांचे आहेत. थंडीत आम्ही घारापुरी, मांडवा करतो, रात्री होडीतच झोपतो. एप्रिल लागला की मात्र केबिनची भट्टी होते. गेल्या रविवारी दुपारी 2 वाजता बाहेर 34 अंश होतं, आत 41. बाबा आत चहा करायला गेले आणि त्यांना गरगरायला लागलं. मी फार घाबरले.

डेक गडद निळा आहे. दोन हॅच (डेकवरची झाकणाची तोंडं), चार खिडक्या, खिडक्यांना आतून पडदे. 100 अँपिअर-तासांची एक साधी बॅटरी. भाऊ म्हणतो छोटा एसी बसवू. कुणी बसवलाय का? की कूलर पुरेल? पावसाळ्यासाठी होडी बाहेर काढेपर्यंत अजून चार-पाच रविवार हातात आहेत आणि बाबांना ते सोडायचे नाहीत.

ऐरोलीचा दर्यावर्दी
आधी बाबांचं. पुन्हा गरगरलं तर लगेच सावलीत वाऱ्याला बसवा, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा, ओआरएस घोट घोट द्या. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर वाट न बघता किनारा आणि दवाखाना. चहा इथून पुढे कॉकपिटमध्येच, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेतच करायचा.

मी 28 वर्षं जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली, म्हणून हिशेब मांडून सांगतो. दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट उष्णता पडते. तुमचा डेक 8-9 चौरस मीटर तरी असेल, आणि गडद निळा रंग त्यातली बहुतेक पिऊन घेतो. 5000 बीटीयूचा लहान एसी जेमतेम 1500 वॅट उष्णता बाहेर काढतो. इन्व्हर्टर धरून तो बॅटरीतून 45 अँपिअरच्या आसपास ओढणार. साधी बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणजे तासाभरात खेळ संपला. कूलरचा विचारच सोडा. आपल्या हवेत आधीच इतका दमटपणा असतो की पाणी नीट उडत नाही, गाद्या तेवढ्या ओल्या होतात.

ऊन डेकला लागूच द्यायचं नाही, हे पहिलं काम. बूमवरून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून पांढऱ्या कॅनव्हासचा मांडव टाका. डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना कठड्याच्या बाहेर थोडा झुकलेला. डेक आणि कापडात हातभर तरी अंतर हवं. कापड तापणारच, पण मधून वारा वाहिला तर ती उष्णता खाली उतरत नाही. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली कोंडल्यासारखं होतं. नाळेवरच्या (पुढच्या टोकाच्या) हॅचपुढचा भाग मांडवात येत नाही, तिथे वेगळा तुकडा लागेल.

खिडक्यांचे पडदे आतून असून उपयोग नाही. ऊन काचेतून आत शिरलं की उष्णता आतच अडकते. तेच कापड बाहेरून लावा. मग पुढच्या हॅचवर कापडाचं वाराशीड टांगा, म्हणजे वारा आत ढकलला जाईल, आणि मागचं दार उघडं ठेवा. 12 व्होल्टचे दोन लहान पंखे रात्रभर चालले तरी बॅटरी पुरते.

दिवाळ्याचा नाखवा
ताई, काकांनी मांडवाचं बरोबर सांगितलं. वाराशिडाचं मात्र आपल्या खाडीत तसं चालत नाही. मोकळ्या समुद्रात होडी वाऱ्याला तोंड करते, इथे ती पाण्याला करते. दुपारचा वारा समुद्राकडून येतो. भरती असेल तेव्हा पाणीपण तिकडूनच येतं, नाळ समुद्राकडे, वारा सरळ हॅचमध्ये. ओहोटी लागली की होडी फिरते आणि वारा पाठीमागून कॉकपिटवर येतो. तेव्हा पुढचं वाराशीड उलट वारा अडवतं. ते काढा, मागच्या दाराशी टांगा, पुढचं हॅच नुसतं उघडं ठेवा. उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत तर होडी पाण्याचंच ऐकते. भांगाला (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) प्रवाह मऊ असतो, तेव्हा ती थोडी वाऱ्याचंही ऐकते.

आणि मांडव अशा गाठींनी बांधा की एकट्या माणसाला दोन मिनिटांत सोडता येईल. मे अखेरीला वळवाचा वारा अचानक येतो. तेवढं कापड वर राहिलं तर ते शीडच झालं, नांगर घसटतो. मुरिंगवर असाल तरी दोरी तुटेपर्यंत ताण येतो. पूर्वेला काळं दिसलं की आधी मांडव उतरवायचा, मग बाकीचं.

नेरूळची होडी
दोघांचे मनापासून आभार. मंडपवाल्याकडून पांढरं जाड कापड शिवून घेतलं, कडेला पितळी रिंगा मारून. काल दुपारी 2 वाजता बाहेर 34, आत 35! खिडक्यांचे पडदे बाहेरून लावल्यावर फरक लगेच कळला. सकाळी तासभर इंजिन चालवलं होतं, त्याच्या बाजूची फळी मात्र दुपारपर्यंत गरम होती. आता जाताना शिडावर जाऊ आणि इंजिन फक्त मुरिंग पकडताना लावू.

नाखवादादा, ओहोटी लागली तेव्हा होडी फिरताना बाबा आधीच वाराशीड सोडायला उठले होते. तुमचं उत्तर त्यांनी कागदावर उतरवून चार्ट टेबलाच्या वर चिकटवलंय. रात्री मच्छरदाणी लावली की वारा अर्धा होतो, त्यावर काही करता येईल का? आत्ता आम्ही जाळी हॅचला ताणून लावण्याऐवजी वर तंबूसारखी उंच टांगून बघतोय, म्हणजे वाऱ्याला जास्त जाळी मिळेल.

दिवाळ्याचा नाखवा
तंबूसारखीच ठेवा, तेच बरोबर आहे. खारं पाणी उडून जाळीची भोकं बुजतात, दर आठवड्याला गोड्या पाण्यानं धुवा.