मदत हवी आहे: जी-आर-वायने संपणारा तिसरा इंग्रजी शब्द

पाटीपेन्सिल: जी-आर-वायने संपणारे तीन इंग्रजी शब्द. अँग्री आणि हंग्री सापडले, तिसरा कोणता? उद्या सकाळी फळ्यावर उत्तर लिहायचंय. कृपया "नाहीच" म्हणू नका, कोड्यात तीन म्हटलंय.

शब्दखूळ: कोडं जसंच्या तसं द्या. अवतरणचिन्हं कुठे आहेत? "रोजच्या वापरातला" असं काही म्हटलंय का?

जुनीपोथी: कोडं कशाला हवं, शब्द भरपूर आहेत. ए-डबल जी-आर-वाय: घानाकडे सापडणारे जुने रंगीत काचमणी. पी-यू-डबल जी-आर-वाय: आपली पगडीच! साहेबाच्या सोला टोपीला गुंडाळायचा मलमलीचा पट्टा, शेव मानेवर सोडायची म्हणजे ऊन लागत नाही. शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस'मध्ये 'अ‍ॅनहंग्री' आहे. नुसता 'ग्राय' हेही एक माप आहे, इंचाचा शंभरावा भाग.

लंबक: इंच कुठला ते सांगा ना. तत्त्वज्ञ जॉन लॉकचा इंच आहे तो. एका सेकंदात एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीचा तिसरा हिस्सा म्हणजे त्याचा फूट, फुटाचे दहा इंच, इंचाच्या दहा रेषा, रेषेचे दहा ग्राय. नेहमीच्या इंचाशी जुळत नाही.

टाइलघर: स्क्रॅबलच्या शब्दखेळासाठी हवं असेल तर पगडीवाल्या शब्दाचे १३ गुण, मण्यांच्या शब्दाचे १०. जी-च्या सोंगट्या तीनच असतात, दोन इथेच जातात. आधी पटावर मोजून घ्या.

पाटीपेन्सिल: स्क्रॅबल नाही हो! कोड्यात "तिसरा शब्द सगळ्यांना माहीत आहे" असंही आहे, लिहायचं राहिलं.

शब्दखूळ: हेच आधी हवं होतं. मग जुनीपोथींची यादी बाद. हे कोडं १९७५मध्ये अमेरिकेत पसरलं आणि शब्दकोश कचेऱ्यांना पत्रांवर पत्रं गेली. एका रूपात उत्तर 'लँग्वेज' येतं, कारण 'द इंग्लिश लँग्वेज'मधला तिसरा शब्द तो. पण त्यासाठी वाक्यरचना नेमकी तशीच लागते. तुमच्याकडे ती नाही.

जुनीपोथी: बाद कशी? शब्दकोशात आहेत ते.

शब्दखूळ: आहेत, पण सगळ्यांना माहीत नाहीत.

कळफलक: स्वतः तपासा. शब्दयादीच्या फाइलवर ग्रेप (मजकूर शोधणारी संगणकाची आज्ञा) चालवा, जी-आर-वायपुढे डॉलर चिन्ह द्या, म्हणजे ओळ तिथेच संपणारे शब्द येतील. डॉलर विसरलात तर वाय घालून लिहिलेला 'ग्रिफन'ही येतो. फाइल विंडोजवर बनलेली असली तर ओळीच्या शेवटी लपलेलं सीआर अक्षर असतं आणि एकही शब्द सापडत नाही. आधी डॉसटूयुनिक्स चालवून ते काढून टाका.

लंबक: अवांतर: 'सोला'चा सूर्याशी संबंध नाही. पाणथळीतल्या शोला वनस्पतीच्या भेंडाची टोपी ती.

टाइलघर: 'हँग्री' चालेल की! भूक लागून चिडलेला. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात २०१८मध्ये घेतलाय, आज मुलांनाही माहीत असतो.

शब्दखूळ: १९७५च्या कोड्याचं उत्तर म्हणून नाही. फळ्यावर "आजचा तिसरा शब्द" असं लिहिलंत तर मान्य.

पाटीपेन्सिल: तेच लिहिते. स्पेलिंगमध्ये ए की यू?

टाइलघर: ए. यू घातलात तर पुन्हा दुसराच शब्द झाला.