वाइल्डलाइफ (2018) बघितला, पोरगा एवढा गप्प कसा?

उनाड_पाखरू:
पॉल डॅनोने डायरेक्ट केलेला वाइल्डलाइफ कोणी बघितलाय का? 1960 सालचं मोंटाना, बाप गोल्फ क्लबात कामाला, नोकरी जाते, मग क्लबवालेच परत बोलावतात तर हा अडून बसतो आणि तासाला एक डॉलर मजुरीवर वणवा विझवायला निघून जातो. मागे बायको आणि चौदा वर्षांचा पोरगा, नाव त्याचं जो. आई त्या पैसेवाल्या मिलरच्या नादी लागते, वर पोरालाही त्याच्याकडे जेवायला नेते, आणि हा नुसता बघत बसतो. ना आरडाओरडा ना आदळआपट. अ‍ॅक्टिंग कमी पडली का? आईचा तर असला राग आला ना

तिखटमीठ:
घर सोडून गेला बाप आणि राग आईचा, वा! ती पोहायला शिकवायची नोकरी धरते, पोरगा शाळा सुटली की फोटो स्टुडिओत काम करतो, मग घर चालवतंय कोण? ते जेवण मात्र मलाही बघवलं नाही, आई नाचतेय आणि त्या बिचाऱ्याला नजर कुठे ठेवावी कळत नाही.

रात्रीचा_शो:
मला तर वाटलं तो पहारा देतोय. एकजण गेलाय, आता दुसरी पण गेली तर? म्हणून तोंड उघडत नाही. सिनेमा ज्यावरून केलाय त्या रिचर्ड फोर्डच्या कादंबरीत पोरगा स्वतःच गोष्ट सांगतो त्यामुळे त्याच्या मनातलं कळत जातं, इथे सगळं पोराचं काम करणाऱ्या त्या एड ऑक्सनबोल्डच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि कादंबरीत तो सोळाचा आहे, सिनेमात चौदाचा केलाय, ती दोन वर्षं लै फरक पाडतात राव. आई त्याला गाडीत घालून वणवा दाखवायला नेते ना, तिथे मला आगीपेक्षा त्याचं तोंडच लक्षात राहिलं.

गल्लीबॉस:
आदळआपट पाहिजे तर द स्क्विड अँड द व्हेल बघ, 2005 चा. ब्रुकलिन, आईबाप वेगळे होतात, पोरांबरोबर मांजराची पण वाटणी 😂 थोरला बापाची री ओढत फिरतो, न वाचलेल्या पुस्तकांवर मतं देतो, पिंक फ्लॉइड बँडचं गाणं शाळेत स्वतःचं म्हणून गातो आणि पकडला जातो.

उनाड_पाखरू:
पहारा वालं पटलं. पण तिखटमीठ, पोराला त्या जेवणाला न्यायचं काय नडलं होतं?

तिखटमीठ:
एकटीने जायची हिंमत नव्हती तिची. चूकच आहे ती, पण बाप डोंगरात बसून हिरो होणार आणि हिशोब फक्त हिचाच मागायचा का?